गेम झोनमधली भांडेवाली

गोजरबाईनं उभ्या आयुष्यात कुणाला पहिल्या बोलीत भांडं दिलं नव्हतं. तसं दिलं तर घेणारीलाही चैन पडत नाही, असं तिचं म्हणणं. डोक्यावर स्टीलच्या वाट्या-पातेल्यांचं टोपलं आणि काखेत जुन्या कपड्यांचं गाठोडं घेऊन ती जाफराबादच्या गल्ल्यांतून आणि भोवतालच्या खेड्यांतून फिरायची. बायका विटलेल्या साड्या, आखूड झालेल्या पँटी आणून समोर टाकायच्या. ती एकेक कापड उन्हात धरून बघायची, नाक मुरडायची आणि मग खरी मजा सुरू व्हायची. बाई मागायची पातेलं, ही दाखवायची वाटी. तासाभरानं मधल्या डब्यावर सौदा पटायचा आणि दोघींनाही आपणच जिंकलो असं वाटायचं. नवरा वसंता ते कपडे धुऊन, उसवलेलं शिवून बाजारात विकायचा. तो मुळात अबोल. घरातलं बोलायचं सगळं काम गोजरबाईकडं होतं आणि त्याबद्दल तिची काही तक्रार नव्हती.

टेंभुर्णीच्या उषाबाई हे तिचं सगळ्यात अवघड गिऱ्हाईक. त्या ओसरीवर बसवून घ्यायच्या, चहा पाजायच्या, घरच्यांची खुशाली विचारायच्या आणि मग एका जुन्या धोतरावर पातेलं, वर झाकण आणि झाकणावर एक पळी असा सौदा रेटायच्या. तिथून निघताना गोजरबाईचा घसा बसलेला असायचा. पण त्या रात्री जेवताना ती वसंताला दोघींचे आवाज काढून सगळं पहिल्यापासून सांगायची.

गेल्या काही वर्षांत मात्र या धंद्यातली गोडी ओसरत चालली होती. नवे कपडेच इतके स्वस्त झाले की वसंताच्या गाठोड्याकडं बाजारात कुणी वळून बघेना. भांडी पार्सलनं घरपोच यायला लागली. गोजरबाईचे गुडघेही कुरकुरायला लागले. टोपलं घेऊन जीपमध्ये चढणं जमेना, म्हणून टेंभुर्णी सुटली, केदारखेडा सुटलं. उरलं फक्त जाफराबाद. तिथंही दारं अर्धीच उघडायची. आतून आवाज यायचा, "आज न्हाई मावशी." तिला 'न्हाई' या शब्दाचं काही वाटत नव्हतं. 'न्हाई' पासूनच तर तिचा धंदा सुरू व्हायचा. पण हल्ली 'न्हाई' म्हटलं की लगेच कडी लागायची.

अशाच एका दुपारी ती बसस्टँडच्या रस्त्यावर, मोबाइलच्या दुकानाशेजारच्या जिन्यात सावलीला बसली होती. वरून टुणटुण, धडाम, पीं पीं असे आवाज येत होते. वर मुनीरचा गेम झोन होता. मुनीर जाफराबादचाच. शहरातल्या एका मॉलमध्ये गेमची मशीनं दुरुस्त करायच्या कामाला होता. तो मॉलच बंद पडला तेव्हा त्यातली काही मशीनं स्वस्तात उचलून तो गावी आला. रेसिंगच्या गाड्या आल्या, जाळीत चेंडू टाकायचं मशीन आलं, भोकातून डोकं काढणाऱ्या बेडकांना हातोडीनं हाणायचं मशीन आलं. बायको साजिया हिनं भिंतींना पिवळा रंग दिला, दारावर 'फॅमिली गेम झोन' असा मोठा बोर्ड लावला. बंदुकीच्या गेमवर पोरं फार आरडाओरडा करतात म्हणून तिनं तो कोपऱ्यात नेऊन चादर टाकून ठेवला. बायकांसाठी खुर्च्या मांडल्या. सिगारेटवाल्याला जिन्यातूनच परत पाठवायची. एवढं करूनही फॅमिली काही येत नव्हती. कॉलेजची पोरं तेवढी यायची आणि त्यांना बघून गावातल्या आया आपल्या लेकरांना सांगायच्या, "तिकडं फिरकायचं न्हाई."

साजियाला जिन्यात टोपलं दिसलं. तिनं वरून हाक मारली, "मावशी, जुने पडदे हाएत. चालतील का?"

"पडदा कुठं चालतो बाई? लोंबतो नुसता," गोजरबाई म्हणाली आणि गुडघ्यावर हात टेकून जिना चढली.

वर गार वारा होता. पडद्यांचा सौदा सुरू झाला. साजियाला डबा हवा होता, गोजरबाई चाळणीवर अडून बसली होती. शेजारी शाळेच्या ड्रेसमधली एक मुलगी बेडकांना बडवत होती. तिचं नाव तृप्ती. तिचा खेळ संपला तसा मशीनच्या पोटातून कागदी तिकिटांचा लांबच लांब पट्टा बाहेर आला. तो घेऊन ती काउंटरकडं गेली. काचेत प्लास्टिकचे कंगवे, कीचेन, खोडरबर असं काहीबाही मांडलेलं होतं. तृप्तीनं ते बघितलं, परत बघितलं आणि तोंड पाडून वळली. तेव्हा तिला ते टोपलं दिसलं.

"आजी, ही वाटी मला देता का?"

"देते की. कपडे आण."

"कपडे अंगावरचेच हाएत. हे घ्या ना." तिनं तिकिटांचा पट्टा पुढं केला. "मम्मीची अशीच वाटी मी शाळेत हरवली. ती लय बोलली मला."

गोजरबाईनं पट्टा घेतला आणि सवयीनं उजेडाकडं धरला. "याचं काय शिवावं म्हणते?"

"शिवायचं नसतं. खेळलं की हे मिळतं. काउंटरवर दिलं की वस्तू मिळते."

गोजरबाईनं तो पट्टा बोटांना गुंडाळला. मग तिच्या चेहऱ्यावर हसू पसरलं. हे तर सगळं ओळखीचंच होतं. "म्हंजी हे तुमचं गाठोडं झालं," ती म्हणाली आणि वाटी तृप्तीच्या हातात ठेवली, एकदाही घासाघीस न करता. मग पट्टा घेऊन ती मुनीरसमोर उभी राहिली. "घ्या भाऊ तुमची तिकिटं. आता मला काय देता?"

मुनीरनं मुकाट्यानं एक कीचेन पुढं केलं. तिनं ते ताणून बघितलं. कडी एका हातात आली, बाहुली दुसऱ्या हातात.

"हे तर पैल्याच धुण्यात गेलं," ती म्हणाली.

साजिया इतकी हसली की तिला खुर्ची धरावी लागली. त्या दिवशी गोजरबाई चाळणीच्या बदल्यात पडदे आणि वाटीच्या बदल्यात एक जुनी सतरंजी घेऊन खाली उतरली.

दुसऱ्या दिवशी तृप्तीची आई वंदना जिना चढून आली. घरात अचानक नवी वाटी आलेली बघून तिच्या मनात भलतंसलतं आलं होतं. "माझ्या पोरीनं ही वाटी कुठून आणली? खरं सांगा," असं तिनं दारातूनच विचारलं. साजियानं सगळं सांगितलं. वंदनाचा विश्वास बसेना. तृप्तीनं आईला हाताला धरून मशीनपाशी नेलं आणि हातोडी तिच्या हातात दिली. वंदनानं इकडंतिकडं बघितलं. ओळखीचं कुणी नव्हतं. एका बेडकाला तिनं अलगद टपली मारली. दुसरा बेडूक निघाला, त्याला जरा जोरात. मग पदर कमरेला खोचला गेला. खेळ संपला तेव्हा तिचा चेहरा लालबुंद झाला होता आणि तिनं आपणहून आणखी एक टोकन मागितलं.

"ताई, कुणाचा राग काढून राह्यल्या?" साजियानं विचारलं.

"चार दिवसांपासून घरी पावणे हाएत," वंदना म्हणाली आणि पुन्हा बेडकांकडं वळली.

संध्याकाळी साजियानं नवऱ्याला सांगितलं, "उस मावशी को बुलाओ." मुनीर दुसऱ्या दिवशी गोजरबाईच्या घरी गेला. वसंता दारातच गाठोडं सोडून बसला होता.

"मावशी, तुमी आमच्या काउंटरवर बसा. भांडी आपण जालन्याहून घाऊक आणू. तिकिटावर भांडं. महिन्याचा पगार देतो."

"बसून कुठं धंदा होतो का बाप्पा? माझा धंदा पायावरचा हाय," गोजरबाई म्हणाली.

वसंतानं मान वर केली. "पाय कुठं राह्यले आता?" एवढंच बोलून तो पुन्हा सुईत दोरा ओवायला लागला. दिवसभरातलं त्याचं ते एकच वाक्य. गोजरबाई त्यावर रात्रभर धुसफुसली आणि सकाळी चांगलं लुगडं नेसून गेम झोनला गेली.

महिन्याभरात काचेतले कंगवे गेले. तिथं वाट्या, तांबे, डबे, चिमटे आले. वंदनानं शेजारणींना सांगितलं, शेजारणींनी बहिणींना. दुपारची कामं उरकली की बायका लेकरांना घेऊन यायला लागल्या. कुणी चेंडू टाकायच्या, कुणी बेडूक बडवायच्या. एक नऊवारीतल्या आजी रेसिंगच्या गाडीत बसून पाच मिनिटं नुसता हॉर्न वाजवायच्या आणि समाधानानं उतरायच्या. कॉलेजची पोरं यायची थांबली नाहीत, पण कडेच्या मशीनवर शहाण्यासारखी खेळायला लागली. कुणाची आत्या, कुणाची मावशी शेजारीच उभी असायची, तिथं शिवी देणार कोण?

आता तिकिटांचा भाव किती, यावरून पहिलं भांडण झालं. मुनीरनं बोर्ड लिहून लावला होता. एवढ्या तिकिटांना वाटी, एवढ्यांना तांब्या. गोजरबाईला वाचता येत नव्हतं, पण बोर्ड कशाचा आहे हे कळत होतं. ती त्याच्याकडं पाठ करून बसायची. एखादी बाई म्हणायची, "मावशी, धा कमी हाएत, देऊन टाका." गोजरबाई म्हणायची, "धा कमी? मंग तांब्याचं बूड कापून देऊ का?" एकदा तोंड सुटलं की अर्धा तास कुणी हलत नसे.

"मावशी, रेट फिक्स हाय," मुनीर शेवटी वैतागला. "शहरात असं चालत न्हाई. बराबर मोजायचं, बराबर द्यायचं."

"मोजते की मी. हातावर तोलून बघते. वजनावरून कळतंय मला."

"बघू," मुनीर म्हणाला. त्यानं एक गड्डी तिच्या हातात दिली. तिनं डोळे मिटून हात वरखाली केला आणि आकडा सांगितला. मुनीरनं तिच्यासमोर एकेक तिकीट मोजलं. आकडा निम्म्यानं चुकला होता. दुसरी गड्डी दिली. ती त्याहून चुकली. भोवतीच्या बायका हसायला लागल्या. गोजरबाईही हसली. "कपडा हातात धरला की कळतो. हा कागद लय लबाड हाय."

मग साजियानं तोड काढली. तिकिटं मोजायची ती साजियानं. भाव ठरवायचा बोर्डानं. पण शेवटच्या थोड्या तिकिटांचा जो काय कमी-जास्तपणा असेल तो गोजरबाईनं बोलून मिटवायचा. मुनीर कुरकुरला. गोजरबाईही कुरकुरली. म्हणजे सौदा बरोबर जमला होता. त्यात गोजरबाईनं आपली एक अट घातली, लेकरांशी घासाघीस होणार नाही. लहान मूल दोनचार तिकिटं कमी घेऊन आलं तर तिनं कधी तोंडातून शब्द काढला नाही, वस्तू काढून दिली. आयांशी मात्र ती एका चमच्यासाठी भांडायची.

एकदा दुपारी गर्दी नव्हती, तेव्हा साजियानं तिला बेडकांच्या मशीनपाशी ओढत नेलं. "आज तुमी खेळायचं."

"मी न्हाई. माझं वय हाय का?"

"बेडूक वय विचारून राह्यला का तुमाला?"

गोजरबाईनं हातोडी घेतली. बेडूक डावीकडं निघाला, तिनं उजवीकडं हाणलं. उजवीकडं निघाला, तिनं मधे हाणलं. हातोडी सुटून मुनीरच्या चहाच्या ग्लासाजवळून गेली. खेळ संपला आणि मशीननं एकच तिकीट दिलं. गोजरबाई त्या फटीत वाकून बघत राहिली. मग तिनं मशीनच्या पाठीवर थाप मारली. "अरे एवढं हाणलं मी तुला. आणखी दोन तरी दे!" मशीन गप्प. "बोलत न्हाई बघ," ती साजियाला म्हणाली, "याच्याशी काय धंदा करायचा?" तरीही त्या दिवसापासून रोज दुपारी ती एक टोकन खेळायची. तिचा खेळ कधीच सुधारला नाही.

दिवाळीच्या आधी मुनीरनं जालन्याहून एक मोठा प्रेशर कुकर आणला आणि सगळ्यात वरच्या फळीवर ठेवला. त्याला इतकी तिकिटं लागत होती की तो शोभेलाच आहे असं सगळ्यांना वाटलं. पुढच्या बाजाराच्या दिवशी वंदना आपल्या सासूबाईंना घेऊन आली. सासूबाई जिना चढून दारात उभ्या राहिल्या, चष्मा सारखा केला आणि काउंटरकडं बघून म्हणाल्या, "गोजरबाई, तू इथं बसून राह्यली व्हय? अन् मी म्हणते ही बाई मेली का काय!"

त्या टेंभुर्णीच्या उषाबाई होत्या. तृप्ती त्यांचीच नात, हे गोजरबाईला त्या घडीपर्यंत ठाऊक नव्हतं.

गोजरबाई काउंटरमागून उठून बाहेर आली. तिनं उषाबाईंना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "उषाबाई, तुमी किती वाळल्या," ती म्हणाली.

"तू जाड झाली, म्हून मी वाळलेली दिसून राह्यले. तो कुकर कितीला?"

"तो तुमाला झेपायचा न्हाई."

एवढं ऐकायचा अवकाश, उषाबाईंनी चप्पल काढली, पदर खोचला आणि बेडकांच्या मशीनसमोर उभ्या राहिल्या. त्यांचा हात शेतात खुरपं धरलेला. हातोडी अशी बसायची की मुनीर काळजीनं जवळ येऊन उभा राहिला. त्या दिवशी बरीच तिकिटं मिळाली. ती त्यांनी रुमालात बांधून कमरेला खोचली. पुढच्या बाजाराला त्या परत आल्या. त्याच्या पुढच्यालाही. चेंडूच्या मशीनवर सून आणि नात, बेडकांवर त्या स्वतः. टेंभुर्णीच्या जीपमधून त्यांच्यासोबत आणखी बायका यायला लागल्या, कुकरचं काय होतंय ते बघायला.

शेवटी एका बाजाराच्या दिवशी उषाबाईंनी रुमाल सोडून काउंटरवर पालथा केला. "दे कुकर."

साजियानं तिकिटं मोजली. सगळ्या बायका खेळ सोडून भोवती जमल्या. चाळीस तिकिटं कमी भरली.

"चाळीस म्हंजी काय असतंय?" उषाबाई म्हणाल्या. "चाळीसची एक वाटी बी येत न्हाई. दे."

"चाळीस म्हंजी पूर्ण एक गेम असतोय. खेळा, आणा."

"माझा हात दुखून राह्यला."

"माझे कान दुखून राह्यले."

"तुला माझ्या ओसरीवर किती चहा पाजला, आठव."

"चहा पाजून तुमी माझी किती पातेली खाल्ली ते मी रोज आठवते."

बायका हसून लोळायच्या बाकी होत्या. मुनीर मधे पडायला गेला, "मावशी, देऊन टाका, चाळीसच तर..." दोघीही एकदम त्याच्यावर ओरडल्या, "तुमी गप बसा!" तो बिचारा मागं सरला. साजियानं त्याला हळूच चहा सांगायला पाठवलं.

चहा आला. चहा संपला. उषाबाई रुसून जिन्यापर्यंत जाऊन परत आल्या. गोजरबाईनं कुकर फळीवरून काढून दाखवला आणि पुन्हा वर ठेवला. तृप्ती म्हणाली, "मी खेळून आणते चाळीस." त्यावर आजीनं तिला दटावलं, "मधे बोलू नको, मोठी माणसं बोलून राह्यली." शेवटची जीप सुटायची वेळ झाली. ड्रायव्हर खालून हॉर्न मारायला लागला.

गोजरबाईनं कुकर खाली घेतला. झाकण उघडलं, आत बघितलं, झाकण लावलं. मग वरची शिट्टी उचलून आपल्या कमरेच्या पिशवीत टाकली आणि कुकर उषाबाईंच्या पुढं सरकवला.

"कुकर न्या. शिट्टी माझ्यापाशी राहील. चाळीस तिकिटं आणा अन् शिट्टी घेऊन जा."

उषाबाईंनी कुकरकडं बघितलं, गोजरबाईकडं बघितलं. त्यांच्या तोंडावर हसू यायला लागलं, ते त्यांनी दाबायचा पुष्कळ प्रयत्न केला. "बिनशिट्टीचा कुकर घेऊन मी काय करू? त्यात डाळ शिजत न्हाई."

"दाणे भरून ठेवा."

"बघून घेईन तुला," उषाबाई म्हणाल्या, कुकर बगलेत मारला आणि नातीच्या खांद्यावर हात ठेवून जिना उतरल्या. खाली जीपमधून बायकांच्या हसण्याचा आवाज बराच वेळ येत होता.

त्या रात्री गोजरबाईनं वसंताला सगळं सांगितलं, उषाबाईंचा आवाज काढून, स्वतःचा आवाज काढून, मुनीर कसा मागं सरला तेही उठून दाखवलं. वसंता जेवण थांबवून ऐकत होता. शिट्टीपाशी आल्यावर तो हसला, आणि हसताना त्याला ठसका लागला.

पुढच्या बाजाराला उषाबाई आल्या त्या दोन जीप भरून बायका घेऊन. आल्या आल्या त्यांनी दोन टोकनांत चाळीसच्या वर तिकिटं काढली आणि काउंटरवर आपटली. गोजरबाईनं शिट्टी काढून दिली. उषाबाईंनी ती उलटसुलट करून बघितली, लुगड्याच्या पदराला पुसली, पण निघायचं काही नाव घेईनात. खुर्ची ओढून त्या काउंटरसमोर बसल्या.

"वरची तिकिटं उरली हाएत माझी," त्या म्हणाल्या. "त्याच्यात ते पातेलं दे. अन् वर झाकण."

गोजरबाईनं साजियाला दोन चहा सांगितले आणि आपलीही खुर्ची पुढं ओढली.

"पातेलं? एवढ्यात?" ती म्हणाली. "चमचा न्या."